कोयत्या-सुऱ्यांना पाणी द्यायला घरची गॅस भट्टी: पहिल्या दिवसापासून सगळं

मी यावल तालुक्यातला, घरी केळी, आणि गावाच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. केळीचे घड कापायचे कोयते, खुरपी, घरातल्या सुऱ्या असं मी कमानपाट्यापासून (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) बनवतो. ग्राइंडिंग मला लवकर जमलं, पाणी द्यायला (पातं लाल तापवून एकदम गार करून कडक करायला) मात्र दोन वर्षं लागली, कारण मी भट्टीच चुकीची बनवली होती. ज्यांना आता सुरुवात करायचीय त्यांचे पैसे, गॅस आणि पाती वाया जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. लांब आहे, पण सामान घ्यायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाचा.

एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाणी द्यायला लागणारी भट्टी आणि लोखंड ठोकायला लागणारी भट्टी यात फरक आहे. ठोकायला ११००-१२०० डिग्री लागतात, पाणी द्यायला ८००-८७० पुरतात. मी पहिली भट्टी बनवली ती नुसती धगधगणारी, दोन बर्नरची, आवाज एवढा की रस्त्यावरचे लोक बघायला यायचे. गावातले लोहारबाबा आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "काय करून राहिला भो? टोक बघ आधी. टोक गेलं." खरंच गेलं होतं. पात्याचा मधला भाग अजून काळपट लाल आणि टोक पिवळं-पांढरं होऊन त्यातून ठिणग्या उडत होत्या. ते पोलाद जळालं, ते परत येत नाही. आपल्याला हवी आहे सगळीकडे सारखी तापणारी आणि हाताखाली राहणारी भट्टी. जोर कमी असला तरी चालेल.

१. आधी माप ठरवा

तुमचं सगळ्यात लांब पातं किती इंची असणार ते ठरवा. माझं सगळं काम ९ इंचाच्या आत बसतं म्हणून भट्टी १४ इंच लांब. तलवारीएवढी भट्टी बनवू नका, आत जागा जितकी जास्त तितका गॅस जास्त आणि उष्णता एकसारखी ठेवणं तितकं अवघड.

इथेच कायद्याचं पण सांगतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, घरगुती, शेतीची आणि कारखान्यातली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे केळीचा कोयता, विळा, स्वयंपाकघरातला सुरा बिनधास्त बनवा. पण कुणी गुप्ती, तलवार, खंजीर बनवून दे म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा, ओळखीचा असला तरी.

२. सामानाची यादी

एकदाच यादी करून निघा, नाहीतर जळगावला तीन चकरा होतात (माझ्या झाल्या).

- १० इंची व्यासाचा, १४ इंच लांब पत्र्याचा गोल डबा किंवा जाड पाईपचा तुकडा, भंगारात मिळतो
- सिरॅमिक फायबर ब्लँकेट, २५ एमएम जाड, १२६० डिग्री ग्रेड, १२८ डेन्सिटी. रोल २ फूट रुंद असतो, सुटं देणारा दुकानदार शोधा, आपल्याला ५ फूट पुरे
- ब्लँकेट कडक करायला रिजिडायझर, म्हणजे कोलॉइडल सिलिका
- हाय ॲल्युमिना कास्टेबल (उष्णता सोसणारं सिमेंट), ८-१० किलो
- ४-५ इन्सुलेशन विटा, त्या हलक्या पांढऱ्या, करवतीने कापता येतात त्या. साधी लाल वीट नको
- १ बाय पाऊण इंची रिड्यूसिंग टी, पाऊण इंची काळा एमएस पाईप ८ इंच लांब, एका बाजूला आटे पाडलेला
- सीओटू वेल्डिंगची ०.८ ची टिप, २-३ नग, एक खराब होतेच
- एक सूत आट्यांचा छोटा पितळी निप्पल, पाव इंची बॉल व्हॉल्व्ह
- गेजवाला हाय प्रेशर ॲडजस्टेबल रेग्युलेटर, हाय प्रेशरचा एलपीजी होज, क्लॅम्प
- २ इंची पाईपचा फूटभर तुकडा, एक तोंड वेल्डिंगने बंद केलेला (हा कशाला ते आठव्या पायरीत सांगतो, विसरू नका)
- के टाईप थर्मोकपल (तापमान मोजायचा) आणि त्याचा डिजिटल मीटर, १२०० डिग्रीपर्यंत दाखवणारा
- चुंबक, लांब सांडशी, चामड्याचे हातमोजे, चष्मा, एन ९५ मास्क
- कोरड्या वाळूची बादली आणि एबीसी पावडरचा अग्निशामक

रिफ्रॅक्टरीचं (उष्णता सोसणारं) सामान गावच्या हार्डवेअरमध्ये मिळत नाही. एमआयडीसीत बॉयलर, फाउंड्रीला सामान पुरवणारे दुकानदार असतात, त्यांच्याकडे जा. "भट्टीचं ब्लँकेट" म्हटलं की कळतं. ग्रेड पॅकिंगवर छापलेली असते ती स्वतः वाचा, ग्लासवूल पण पांढरंच असतं आणि ते या तापमानाला वितळून खाली बसतं.

३. गॅस आणि त्याची कागदपत्रं

घरातलं लाल १४.२ किलोचं सिलिंडर या कामाला वापरायचं नाही. एक तर धंद्यासाठी ते वापरणं बेकायदेशीर आहे, आणि दुसरं म्हणजे घरचा रेग्युलेटर दाब देतो ३० मिलिबारच्या आसपास, त्यावर हा बर्नर हवा ओढतच नाही. काही जण रेग्युलेटर फोडून त्याच्याशी खेळ करतात, ते कधीच करू नका.

१९ किलोचं कमर्शियल कनेक्शन घ्या. ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि धंद्याचा काही कागद (दुकान परवाना, उद्यम नोंदणी, असेल तर जीएसटी) सोबत ठेवा. एजन्सीपरत्वे थोडं कमीजास्त मागतात, तर आधी फोन करून विचारा. फक्त करून बघायचं असेल तर ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पण जोरात गॅस ओढला की ते लवकर थंड पडतं आणि दाब उतरतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तर सिलिंडरला बाहेरून दव आणि मग बर्फ धरतो. अशा वेळी सिलिंडर साध्या पाण्याच्या टोपात उभं करायचं. गरम पाणी नाही, आणि शेगडी-हीटर तर अजिबात जवळ नाही.

०.८ च्या टिपवर अर्धा किलो दाबाला माझी भट्टी तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस खाते. म्हणजे १९ किलोत २५ तास, पाती किती होतील त्याचा हिशोब तुम्हीच करा.

४. जागा

शेड असेल तर दोन बाजूंनी उघडं पाहिजे. ही भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होऊन माणूस बसल्या जागी कोसळतो. बंद खोलीत, गोठ्यात, ओट्याच्या आतल्या बाजूला नाही म्हणजे नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली सरपटत जाऊन खड्ड्यात, गटारीत साठतो. विहिरीजवळ, तळघराच्या तोंडाशी, नालीशेजारी भट्टी मांडू नका. कुट्टी, कडबा, कापसाच्या पऱ्हाट्या, केळीची वाळलेली पानं वीस-पंचवीस फूट लांब. सिलिंडर भट्टीपासून निदान दहा फूट, आणि भट्टीच्या तोंडासमोर तर कधीच नाही.

५. अंग आणि ब्लँकेट

डब्याचं झाकण-बूड काढा, दोन्ही तोंडं उघडी. खाली चार पाय वेल्ड करा. वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर नाही तर एका कडेला, बर्नरसाठी दीड इंची भोक पाडून त्यावर पाईपचा तुकडा तिरका वेल्ड करा. तिरका अशासाठी की ज्योत आतल्या भिंतीला घासत गोल फिरली पाहिजे, सरळ पात्यावर नाही आली पाहिजे. या तुकड्याला, म्हणजे बर्नरच्या होल्डरला, तीन बोल्ट द्या, त्याने बर्नर पुढे-मागे सरकवून घट्ट करता येतो.

जुनं गॅस सिलिंडर कापून अंग बनवायचे खूप व्हिडिओ फिरतात. रिकामं वाटणाऱ्या सिलिंडरमध्ये पण गॅस राहतो, कटर लावला की फुटतो. शिवाय ते सिलिंडर कंपनीच्या मालकीचं असतं. साधा डबा बास आहे.

ब्लँकेटचे दोन थर. बाहेरचा तुकडा साधारण ७९ सेंटीमीटर लांब आणि आतला ६३, दोन्हीची रुंदी भट्टीच्या लांबीइतकी, ३५. आतल्या थराचा जोड बाहेरच्या जोडावर येऊ देऊ नका. कापताना मास्क, पूर्ण बाह्या, आणि ब्लँकेटवर पाण्याचा हलका फवारा मारून उघड्यावर कापायचं. याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात, आणि जास्त तापमानाला बरेच दिवस चाललेल्या ब्लँकेटमध्ये स्फटिकासारखी सिलिका तयार होते, ती त्याहून वाईट. म्हणून ब्लँकेट उघडं ठेवायचंच नाही. बसवलं की रिजिडायझर फवारा, वाळू द्या, परत फवारा. हाताला कडक लागलं पाहिजे.

६. कास्टेबलचा लेप

कास्टेबल पाण्यात मळताना घट्टच ठेवा, पुरणाएवढं. हाताने दाबून गोळा राहिला पाहिजे, पाणी सुटलं नाही पाहिजे. हातात रबरी मोजे घाला, कातडी खातं. ब्लँकेट ओलं करून आतून १ सेंटीमीटरचा लेप द्या, तळाला थोडा जास्त आणि सपाट करा म्हणजे आठव्या पायरीतला पाईप हलणार नाही. बर्नरचं भोक आतल्या बाजूला किंचित फाकवा, नरसाळ्यासारखं, ज्योत तिथे धरून राहते.

आता घाई. मी मे महिन्यात लेप दिला, बाहेर ४४-४५ डिग्री, मला वाटलं दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळलं. पेटवली. दहा मिनिटांत आतून फट् असा आवाज आला आणि तळहाताएवढा खपला भट्टीच्या तोंडातून बाहेर पडला, मागे ब्लँकेट उघडं. वरून वाळलं होतं, आत पाणी होतं, त्याची वाफ झाली. तर पहिले २४ तास ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, सिमेंटला पाणी मारतो तसंच. मग सावलीत आठवडाभर वाळवायचं. मग आत १०० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर. मग अगदी बारीक आगीवर दहा मिनिटं, बंद, गार, परत वीस मिनिटं, असं दोन दिवस. वाफ यायची थांबली की भट्टी तयार.

७. बर्नर

हा बर्नर ब्लोअरशिवाय चालतो. गॅस बारीक टिपमधून जोरात निघतो आणि जाता जाता टीच्या दोन उघड्या तोंडांतून हवा ओढून घेतो. टीची एक इंची दोन्ही तोंडं मोकळी, ती हवेची. पाऊण इंची तोंडाला ८ इंची पाईप. आणि पाईपच्या बरोबर समोरच्या भिंतीला भोक पाडून पितळी निप्पल, निप्पलच्या आतल्या टोकाला वेल्डिंगची टिप.

निप्पलच्या आतल्या तोंडाला ५ एमएम ड्रिल मारून एम ६ चे आटे पाडले की टिप बसते (तुमच्या टिपचे आटे एम ६ आहेत ना बघून घ्या). हे काम हँड ड्रिलवर करू नका, लेथवाल्याकडे द्या. टिप पाईपच्या बरोबर मध्यातून बघत असली पाहिजे, जराशी तिरकी असली तरी ज्योत एका बाजूला झुकते आणि मग तुम्ही आठवडाभर गॅसला दोष देता. तपासायची सोपी युक्ती: निप्पलच्या बाजूने पाणी सोडा, धार पाईपच्या मध्यातून भिंतीला न लागता निघाली पाहिजे.

पाईप जीआयचा घेऊ नका. त्याला जस्ताचा मुलामा असतो, तापला की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने वेल्डर हे ओळखतात. टी जीआयची मिळाली तर चालून जाते कारण ती हवेने थंड राहते, पण ज्योतीकडचा पाईप काळाच.

टिप सुरुवातीला पूर्ण लांबीची ठेवा. भट्टीच्या तोंडातून लांबलचक पिवळी-नारिंगी जीभ बाहेर येत असेल तर गॅस जास्त, हवा कमी. टिप अर्धा-अर्धा एमएम कानसीने कमी करा, प्रत्येक वेळी भोकातली बुर साफ करा आणि परत बघा. ठोकायच्या भट्टीत लोक ज्योत एकदम निळी करतात. आपल्याला तोंडाशी बोटभर मऊ ज्योत राहू द्यायची आहे, म्हणजे आत मोकळा ऑक्सिजन नाही, पात्यावर खपली कमी धरते आणि पृष्ठभागातला कार्बन जळत नाही. त्याने मोनॉक्साइड मात्र वाढतो, म्हणून चौथी पायरी परत वाचा.

पेटवणं आणि बंद करणं

सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा, प्रत्येक वेळी, फक्त पहिल्यांदा नाही. बुडबुडा दिसला की काम बंद. गॅसचा वास भरला असेल तर स्विचला हात लावू नका, सिलिंडर बंद करून लांब व्हा, १९०६ हा एलपीजी गळतीचा हेल्पलाईन नंबर आहे.

आधी आत पेटता कागद किंवा पेटता पलिता, मग गॅस. उलटं कधीच नाही, आत गॅस साठून मग काडी लावली तर सगळी ज्योत तोंडावर येते. भट्टीच्या दोन्ही तोंडांसमोर कुणी उभं नको. दाब अगदी कमी ठेवला तर ज्योत मागे सरकून पाईपमध्येच जळायला लागते, आवाज बदलतो, फडफड येते. लगेच बंद, गार होऊ द्या, थोड्या जास्त दाबाने परत पेटवा.

बंद करताना आधी सिलिंडर, मग बॉल व्हॉल्व्ह. बंद केल्यावर आतली उष्णता बर्नरच्या पाईपमधून धुराड्यासारखी वर चढते आणि होज तापतो. होल्डरचे बोल्ट सैल करून बर्नर बाहेर काढून ठेवा.

८. आतला पाईप

आता तो फूटभर दोन इंची पाईप. भट्टीच्या तळावर ठेवायचा, बंद तोंड मागे, उघडं तोंड तुमच्याकडे. पातं त्या पाईपच्या आत जाणार. ज्योत पाईपला तापवते आणि पाईप पात्याला. पात्याला ज्योत दिसतच नाही, त्यामुळे टोक जळत नाही आणि पातं बुडापासून टोकापर्यंत एका रंगाचं होतं. माझी दोन वर्षं ज्याच्यात गेली ते या एका तुकड्याने सुटलं. पाईप हळूहळू खपल्या धरून खराब होतो, एसएसचा जास्त टिकतो, एमएसचा स्वस्त.

थर्मोकपलचं टोक पाईपच्या आत, पात्याच्या जवळ. भट्टीच्या भिंतीत खुपसलेला थर्मोकपल भिंतीचं तापमान सांगतो.

मीटर नसेल तेव्हा दोन जुने आधार आहेत. चुंबक: पोलाद ७७० डिग्रीच्या आसपास चुंबकाला धरायचं सोडतं. आणि मीठ: साधं मीठ ८०१ डिग्रीला वितळतं. लोखंडाच्या भंगार पट्टीवर चिमूटभर मीठ ठेवून पाईपमध्ये सरकवा, ते ओघळून पाण्यासारखं झालं की तो रंग डोळ्यात भरून घ्या. मीटर असला तरी हे एकदा कराच, मीटर खोटं बोलायला लागला की त्यावरूनच कळतं.

आणि वेळ. भर दुपारी उन्हात रंग दिसतच नाही, ८०० डिग्रीचं पातं काळंच वाटतं आणि माणूस अजून तापवत राहतो. मी हे काम दिवेलागणीला करतो, शेडचा बल्ब बंद ठेवून. तेव्हा कुंकवासारखा लाल आणि पळसाच्या फुलासारखा नारिंगी यातला फरक स्पष्ट दिसतो.

९. पोलाद आणि पात्याची तयारी

टीएमटी सळई, अँगल, एमएस पट्टी यांना पाणी चढत नाही, कार्बन फारच कमी असतो त्यांच्यात. शिकायला कमानपाटा चांगला, आपल्याकडे बहुतेक ईएन ४५ किंवा त्याच्या जवळचं पोलाद असतं. शिरपूर-धुळ्याच्या हायवेला कमानवाल्यांकडे तुटलेले पाटे ढिगाने मिळतात, पण लाखो किलोमीटर चाललेल्या पाट्यात बारीक चिरा असतात ज्या ग्राइंडिंगला दिसत नाहीत, तेलात घातल्यावर उघडतात. शक्य असेल तर नवा तुकडा घ्या.

पाणी द्यायच्या आधी धार पूर्ण बारीक करू नका, दीड एमएम जाडी राहू द्या. कोपरे गोल, ६० नंबरच्या ग्राइंडिंगचे आडवे ओरखडे नीट घासून काढलेले, नाहीतर चीर तिथूनच धरते. मुठीची भोकं आधीच पाडून घ्या.

मग नॉर्मलायझिंग. पातं चुंबक सोडून थोडं पुढे जाईपर्यंत तापवायचं आणि उघड्या हवेत गार करायचं, पंखा नाही, पाणी नाही. असं तीन वेळा, दर वेळी जरा कमी तापवत. याने पोलादाचा कण बारीक होतो. खरं वाटत नसेल तर एकाच पट्टीचे दोन तुकडे घ्या, एक पिवळा होईपर्यंत तापवून तेलात, दुसरा नॉर्मलाईज करून योग्य रंगावर तेलात, आणि दोन्ही व्हाईसमध्ये धरून हातोड्याने तोडा (चष्मा लावून, वर कापड टाकून). पहिल्याची तुटलेली बाजू साखरेसारखी चमकते, दाणा वेगळा दिसतो. दुसऱ्याची राखाडी, मखमलीसारखी. ते दोन तुकडे मी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेत, कुणी शिकायला आलं की आधी तेच हातात देतो.

१०. पाणी, म्हणजे तेल

आपण पाणी देणं म्हणतो पण पाट्याला पाण्यात बुडवू नका, तडकतो. खायचं तेल घ्या, सरकीचं किंवा सोयाबीनचं, निदान ८-१० लिटर, उंच लोखंडी डब्यात, झाकणासकट. गाडीचं काळं ऑइल फुकट मिळतं पण त्याचा धूर विषारी असतो आणि भडका मोठा. प्लास्टिकची बादली नाही. तेलात पाण्याचा थेंब नको, ते तळाला बसतं आणि गरम पोलाद गेलं की वाफ होऊन सगळं तेल उसळतं.

तेल ५०-६० डिग्री गरम पाहिजे, गार तेल घट्ट असतं आणि पात्याभोवतीची वाफ लवकर सुटत नाही. उन्हाळ्यात ते अर्धं गरम असतंच, हिवाळ्यात लोखंडाचा लाल तुकडा बुडवून तापवा.

पातं ८४० ते ८७० ला आणा, रंग टोकापासून बुडापर्यंत एक झाला की पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग बाहेर काढल्यापासून तेलापर्यंत एक-दोन सेकंद, जास्त नाही, म्हणून डबा भट्टीपासून हातभरावर ठेवा. टोक खाली, सरळ उभं, पूर्ण आत. अर्धं बाहेर राहिलं की तेल पेटतं. आत गेल्यावर धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा, आडवं हलवलं तर वाकतं. पेटलंच तर झाकण, वाळू. पाणी टाकायचं नाही.

आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढून डोळ्याने सरळ बघा. वाकलेलं असेल तर तेव्हाच्या काही सेकंदांत हातमोजे घालून दोन सपाट पट्ट्यांत दाबता येतं, पूर्ण गार झाल्यावर प्रयत्न केला तर काचेसारखं तुटतं.

गार झालं की कानस फिरवा. पहिले एक-दोन हात वरचा मऊ थर निघेल, मग कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे, आवाज पण बारीक येतो. चावत असेल तर पाणी चढलं नाही, परत नॉर्मलाईज करून परत.

११. टेम्परिंग, आणि त्याच रात्री

डिसेंबरमध्ये एकदा रात्री दहाला एका कोयत्याला पाणी दिलं. छान झालं होतं, सरळ, कानस घसरली. थंडी होती, म्हटलं टेम्पर (कडक पातं परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं) उद्या सकाळी. कोयता टेबलावर ठेवून घरी गेलो. सकाळी शेड उघडलं तर कोयता होता तिथेच, फक्त मुठीच्या वर चार बोटं आरपार चीर. कुणी हात लावला नव्हता. ताजं पाणी दिलेलं पोलाद आतून ताणलेलं असतं, ते रात्रभर वाट बघत नाही. तेव्हापासून भट्टी पेटवायच्या आधी मी ओव्हन चालू करतो, आणि ओव्हन बिघडलेला असेल तर त्या दिवशी भट्टी पेटवतच नाही.

घरातल्या ओटीजीत होतं, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा नको, आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा. तारांच्या थेट समोर पातं येऊ नये म्हणून खाली-वर वाळू भरलेला ट्रे ठेवा. भाजीच्या सुरीला २०० ते २२०, कोयत्याला, ज्याच्यावर घाव पडतात त्याला, २६० ते ३००. बऱ्याच ओटीजी २५० लाच थांबतात, तर कोयत्याचा पुढचा भाग रंग बघून करावा लागतो: पातं घासून चकचकीत करा, पाठीकडून हळूहळू तापवा, आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. धारेला जांभळा पोचला की थांबा, पाठ निळी झाली तर चांगलंच. ओव्हनमध्ये दोन तास, गार, परत दोन तास.

यानंतर धार काढताना ग्राइंडरवर दर फेरीला पातं पाण्यात बुडवा. उघड्या बोटांनी धरा, चटका बसतोय म्हणजे टेम्पर हलायला लागला.

१२. तपासणी

पितळेचा पाव इंची रॉड व्हाईसमध्ये आडवा धरा, धार त्यावर टेकवून हलक्या हाताने दाबत ओढा. धार किंचित लवते आणि परत सरळ होते, हे बरोबर. कपरा उडाला तर कडक राहिलं, अजून २० डिग्री वाढवून एक टेम्पर. लवून तशीच राहिली तर मऊ झालं, परत पाणी द्यावं लागेल. कोयता असेल तर वाळलेल्या बाभळीवर वीस घाव घालून धार बघा.

आणि केळीवाल्यांसाठी एक. केळीच्या चिकाने हे पोलाद एका दिवसात काळं पडतं आणि चार दिवसांत गंजतं, एसएसच्या सुरीसारखं ते टिकत नाही. घड कापून झाले की कोयता शेतातच धुवून पुसायचा आणि घरी आल्यावर तेलाचा बोळा फिरवायचा. मी कोयता देताना सोबत तेलात भिजवलेला फडका देतो.